मुसळधार, अतिवृष्टी, ढगफुटीसदृश: पाऊस मोजताना वापरले जाणारे शब्द

प्रश्न

एकाच दिवसाच्या पावसाला एका बातमीत 'मुसळधार', दुसरीत 'अतिवृष्टी' आणि तिसरीत 'ढगफुटीसदृश' म्हटलेलं वाचलं. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि 'पर्जन्यमान' म्हणजे पडलेला पाऊस की सरासरी पाऊस?

प्रतिसाद

बोलताना चालतात. मोजणीच्या भाषेत चालत नाहीत, आणि बातमी ही मोजणीचीच भाषा आहे असं मला वाटतं.

'मुसळधार' हा मूळचा बोलण्यातला शब्द. मुसळासारख्या जाड धारा, म्हणजे त्यात पावसाचा जोर सांगितलाय. हवामान खात्याने तो २४ तासांच्या बेरजेशी बांधला: ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. त्यामुळे दिवसभर संथ पडून ७० मिमी भरला तरी खात्याच्या लेखी पाऊस मुसळधार ठरतो. उलट तासाभरात ५० मिमी कोसळून थांबला तर तो या वर्गात बसत नाही, मग गावाचे रस्ते त्याने तुंबवले असले तरी.

'अतिवृष्टी' हा संस्कृतातून आलेला, 'अनावृष्टी'च्या जोडीचा. महाराष्ट्रात आज तो प्रामुख्याने महसुली शब्द आहे. महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिमीहून अधिक पावसाची नोंद झाली की अतिवृष्टी. पंचनामे आणि भरपाई या शब्दाभोवती फिरते. शेतकरी 'आमच्याकडे अतिवृष्टी झाली' म्हणतो तेव्हा तो शिवारात साचलेलं पाणी सांगत असतो. तहसील कार्यालयापुढे असतो तो मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा. दोघंही खरंच सांगत असतात. पाऊस गावाच्या एका अंगाला पडतो आणि दुसरं अंग कोरडं राहतं, हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणून मंडळात जितकी जास्त पर्जन्यमापकं, तितका हा शब्द न्यायाने वापरता येईल.

जागेने केवढा फरक पडतो याचं सगळ्यांना आठवणारं उदाहरण २६ जुलै २००५ चं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, तर त्याच मुंबईत कुलाब्याला साधारण ७३ मिमी. 'मुंबईत ९४४ मिमी पाऊस झाला' हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. 'सांताक्रूझ केंद्रावर नोंद झाली' असं लिहायला हवं. शिवाय ही नोंद हवामान खात्याच्या वहीत २७ जुलैच्या तारखेखाली आहे. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतात आणि बेरीज ज्या सकाळी मोजली त्या तारखेला लिहितात. जुन्या नोंदी चाळताना हे ध्यानात ठेवलं नाही तर एका दिवसाची चूक हमखास होते.

'ढगफुटी'ची व्याख्या आणखी कडक: साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिमी किंवा जास्त. तेवढ्या टापूत तासातासाची नोंद ठेवणारं यंत्र असेल तरच ती सिद्ध होते. 'ढगफुटीसदृश' हा त्यातूनच निघालेला वर्तमानपत्री शब्द. पाऊस भयंकर होता, पण तासाचा आकडा हाताशी नाही, एवढंच त्यातून कळतं.

राहिला 'पर्जन्यमान'. 'मान' म्हणजे माप. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याचं पर्जन्यमान कमी आहे, असं आपण म्हणतो ते अनेक वर्षांच्या मापावरून. 'काल पर्जन्यमान झालं' हे मात्र खटकतं. तिथे साधा 'पाऊस' पुरे. कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराजवळ पाऊस मोजायचं कुंड ठेवायला सांगितलंय, त्याला 'वर्षमान' म्हटलंय, आणि प्रदेशवार पाऊस द्रोण या जुन्या मापात दिलाय. त्यात अश्मकाचा (गोदावरीकाठच्या प्रदेशाचा) आकडा आहे, अवंतीचा (उज्जैनकडच्या प्रदेशाचा) आहे. अपरान्ताचा, म्हणजे आपल्या कोकणाचा, पाऊस मात्र 'अमित' म्हटलाय. मोजता न येणारा!

प्रतिसाद

एक भर घालतो, यवतमाळकडची. आमच्याकडे 'झड' लागते. चार-पाच दिवस ऊन नाही, पाऊस थांबत नाही, कधी भुरभुर तर कधी सर. एकाही दिवशी ६५ चा आकडा गाठत नाही, पण काळ्या रानात पाय टाकता येत नाही आणि कपाशी पिवळी पडते. मिलिमीटरात फक्त बेरीज येते. झड, संततधार, वळीव या शब्दांत पाऊस कसा आणि किती वेळ पडला तेही येतं. नोंदवहीत आकड्याशेजारी शेऱ्याचा एक रकाना असावा आणि त्यात हे शब्द लिहावेत असं मनापासून वाटतं.

प्रश्न

दोघांचेही आभार. अजून एक: मिलिमीटर हे लांबीचं माप. पाणी लांबीत कसं मोजायचं? आणि तासाचा आकडा नसेल तर 'ढगफुटीसदृश'ऐवजी काय लिहावं?

प्रतिसाद

पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, उडून गेलं नाही, तर सपाट जमिनीवर जेवढं उंच साठेल ती उंची म्हणजे मिलिमीटर. एक मिमी म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर. पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं असेल तर एका मिमीला आत २० मिलिलिटर पाणी जमतं. काचेच्या मोजपात्रावर त्या हिशेबाने रेघा असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला थेट मिमी दिसतात.

यवतमाळकरांची शेऱ्याच्या रकान्याची सूचना मला पटली. 'ढगफुटीसदृश'च्या जागी जे ठाऊक आहे तेच लिहावं: 'दुपारी दोन ते चार मुसळधार पाऊस, ओढ्याला पूर, जवळच्या केंद्रावर सकाळपर्यंत ११० मिमी.' केंद्राचं नाव आणि वेळ मात्र गाळू नये.