प्रतिसाद: डेंड्रायटिक पेशी ‘जागी’ होते म्हणजे काय?

डेंड्रायटिक पेशी म्हणजे जंतूचे तुकडे दाखवून टी-पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) शिकवणारी पेशी. ‘टीएनएफ (दाह पेटवणारं संदेश-प्रथिन) दिलं की ती जागी होते, म्हणजे पिकून शिकवायला तयार होते, विषय संपला’ असं वरच्या पोस्टमध्ये एक आलेख देऊन म्हटलंय. अर्धंच खरं.

ताळगावला शिकत असताना रक्तातल्या मोनोसाइटपासून (एक प्रकारची पांढरी पेशी) या पेशी वाढवायचो. जीएम-सीएसएफ आणि आयएल-4 ही संदेश-प्रथिनं घालून पाच-सहा दिवस ठेवलं की कच्ची पेशी तयार. ती समोर येईल ते गिळत सुटते, पण टी-पेशीला नीट शिकवत नाही. मग टीएनएफ-अल्फा (वरचं टीएनएफ ते हेच), आयएल-1 बीटा, आयएल-6 ही दाहाची संदेश-प्रथिनं आणि प्रोस्टाग्लँडिन ई2 हा स्निग्ध संदेश-रेणू यांचं मिश्रण घालायचं. दोन दिवसांनी (पावसात वीज गेली नाही तर!) सूक्ष्मदर्शकाखाली बघावं: पेशीला चहूबाजूंनी झिरमिळ्या, चवथीला गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या माटोळीसारखं सगळं लोंबतंय. गिळणं मंदावतं, टी-पेशीला चेतवणारी सीडी80 आणि सीडी86 ही प्रथिनं पृष्ठभागावर वाढतात, सीसीआर7 या वाट दाखवणाऱ्या प्रथिनामुळे ती लसिकाग्रंथीची वाट धरते.

गोम पुढेच आहे. अशी पेशी दिसायला पिकलेली, पण आयएल-12 (टी-पेशीला लढाऊ बनवणारं संदेश-प्रथिन) फारसं सोडत नाही. त्यासाठी टी-पेशीवरचं सीडी40 लिगँड हे प्रथिन लागतं, जोडीला इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश-प्रथिन असेल तर उत्तमच. उलट आयएल-10 हे शांत करणारं संदेश-प्रथिन आधी पोचलं, तर पिकणंच अडतं.

तुम्ही दिलेल्या आलेखात फक्त सीडी86 आहे. आयएल-12 मोजलं होतं का?