फॉर्मल व्हेरिफिकेशन: सुरुवात मॉडेल चेकरने करावी की प्रूफ असिस्टंटने?

प्रश्न

पुढील सत्रात मी फॉर्मल व्हेरिफिकेशन (प्रणाली बरोबर चालते का, हे गणिती पद्धतीने तपासणे) हा ऐच्छिक विषय घेत आहे. ऑटोमाटा आणि डिजिटल सर्किट्स हे विषय झाले आहेत, मात्र तर्कशास्त्राचा अभ्यास सत्यता सारणीच्या फारसा पुढे गेलेला नाही. माझा कल हार्डवेअरकडे असल्यामुळे केवळ मॉडेल चेकिंग (प्रणालीच्या शक्य अवस्था साधनाकडून आपोआप तपासून घेणे) नीट शिकून घेतले आणि प्रूफ असिस्टंटच्या मदतीने सिद्धता लिहिण्याचा भाग परीक्षेपुरता ठेवला, तर चालेल का?

प्रतिसाद १

सुरुवात मॉडेल चेकरनेच करावी. स्पिन किंवा न्यूएसएमव्ही यांसारखा मॉडेल चेकर घेऊन दोन प्रक्रियांच्या म्युच्युअल एक्स्क्लूजनचे (क्रिटिकल सेक्शन, म्हणजे सामायिक गोष्ट वापरणारा कोडचा भाग, एका वेळी एकाच प्रक्रियेला मिळणे) छोटे मॉडेल लिहा आणि त्यातली एखादी अट मुद्दाम काढून टाका. दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी क्रिटिकल सेक्शनमध्ये कशा पोहोचल्या, हे साधन पायरीपायरीने दाखवते, आणि तो प्रतिउदाहरणाचा माग स्वतः वाचल्यावर टेम्पोरल लॉजिकची (‘नेहमी’, ‘कधीतरी’ अशी विधाने मांडणाऱ्या तर्कशास्त्राची) सूत्रे आपोआप अंगवळणी पडू लागतात. अवस्थांचा विस्फोट म्हणजे काय, हेही इथेच कळते: ३२ बिटांची फक्त तीन रजिस्टरे घेतली, तरी शक्य अवस्थांची संख्या २ चा ९६ वा घात इतकी होते.

प्रतिसाद २

वरील सल्ला योग्य आहे, पण हार्डवेअरला सिद्धतेची गरज नाही हे गृहीतक मला पटत नाही. १९९४ साली गाजलेला पेंटियमचा दोष फ्लोटिंग पॉइंट भागाकारातला होता, आणि त्यापायी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. अंकगणिती सर्किटांवर निव्वळ मॉडेल चेकिंग लवकर थकते, कारण गुणाकाराचे बीडीडी (बुलियन फलन मांडणारी निर्णय-आकृती) व्हेरिएबल्सचा क्रम कसाही लावला तरी बिटांच्या संख्येबरोबर घातांकी वेगाने फुगते. म्हणूनच अशा ठिकाणी थिअरम प्रूव्हर (सिद्धता रचण्यास व तपासण्यास मदत करणारी साधने) वापरात आले.

सिद्धतेची तोंडओळख डॅफ्नी या, प्रोग्रामची सिद्धता तपासणाऱ्या भाषेमध्ये करून घ्या. बायनरी सर्चचा लूप इन्व्हेरियंट (लूपच्या प्रत्येक फेरीत खरी राहणारी अट) स्वतः शोधा. पहिल्या खेपेस तो बहुधा अपुरा पडतो. एक खोच मात्र ध्यानात असू द्या. डॅफ्नीतील पूर्णांक गणितातल्यासारखे अमर्याद असतात, त्यामुळे मधला निर्देशांक काढताना दोन टोकांची बेरीज ओव्हरफ्लो होण्याचा (ठरलेल्या बिटांत न मावण्याचा) दोष तिथे दिसतच नाही. जावाच्या लायब्ररीत नेमका हाच दोष अनेक वर्षे दडून होता आणि २००६ मध्ये तो जाहीरपणे मांडला गेला. आपण कशाबद्दल सिद्धता दिली आणि प्रत्यक्षात काय चालते, यांतले अंतर इतके साधे असू शकते.

प्रतिसाद ३

साधनांच्या वादात खरा अवघड भाग मागे पडतो: नेमके काय सिद्ध करायचे, हे लिहिणे. अर्बिटरसाठी (सामायिक गोष्ट कोणाला वापरू द्यायची, हे ठरवणाऱ्या सर्किटसाठी) ‘दोघांना एकाच वेळी ग्रँट, म्हणजे परवानगी, मिळू नये’ एवढाच गुणधर्म लिहिला, तर कोणालाच कधीही ग्रँट न देणारे सर्किटही बिनबोभाट उत्तीर्ण होते. त्याला ‘प्रत्येक रिक्वेस्टला कधीतरी ग्रँट मिळेल’ ही लाइव्हनेसची जोड हवी. उलट बाजूने, इनपुटवरील गृहीतके इतकी कडक झाली की रिक्वेस्ट येऊच शकत नाही, तर हा गुणधर्मही पोकळपणे खरा ठरतो आणि अहवालात सगळे हिरवे दिसते. त्यामुळे प्रत्येक असर्शनसोबत (तपासायच्या गुणधर्मासोबत) एक कव्हर प्रॉपर्टी (अमुक स्थिती घडू शकते का, हे विचारणारी) लिहावी आणि रिक्वेस्ट खरोखर येते का, हे आधी तपासावे. प्रकल्प निवडताना मोठा प्रोसेसर घेण्याऐवजी चार खणांचा फिफो (आधी आलेले आधी बाहेर देणारी रांग) घ्या, आणि त्याची संपूर्ण स्पेसिफिकेशन कोड पाहण्यापूर्वी लिहून काढा.