राजकारणी माणूस राज्यपाल म्हणून चालतो का? (निमित्त: राम नाईक)

फलाट_चार:
महाराष्ट्राचे माजी राज्यपाल कोश्यारी यांच्यानंतर 'राजकारण्यांना राज्यपाल करूच नका' म्हणायची फॅशन आली आहे. मला नाही पटत. राम नाईक बघा. तीनदा बोरिवलीचे आमदार, 1989 पासून सलग पाचदा उत्तर मुंबईचे खासदार, वाजपेयींच्या काळात पेट्रोलियम मंत्री. 2004 ला गोविंदाने पाडलं, 2009 ला निरुपमांनी. जुलै 2014 मध्ये उत्तर प्रदेशचे राज्यपाल म्हणून लखनौच्या राजभवनात गेले आणि पाच वर्षं पूर्ण करूनच परतले. दरवर्षी 'मी काय केलं' याची पुस्तिका काढायचे, खासदारकीतली जुनी खोड! अखिलेश सरकारने विधान परिषदेसाठी पाठवलेल्या नावांवर त्यांनी डोळे झाकून सही केली नाही. राज्यपालनियुक्त आमदार कोणत्या क्षेत्रांतले असावेत, ते राज्यघटनेच्या कलम 171 मध्ये साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा असं लिहिलंय, यात या मंडळींचं काम काय, एवढंच विचारलं.

सरळ_रेघ:
आणि कोश्यारींनी महाराष्ट्रात विधान परिषदेसाठीची 12 नावं अडवली तीही कलम 171 च्या प्रेमापोटीच का? केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने ऐंशीच्या दशकातच सांगितलंय: राज्यपाल अलीकडच्या राजकारणात फार गुंतलेला नसावा. नाईक 2013 ला म्हणाले आता निवडणूक लढवणार नाही, 2014 ला राज्यपाल. झाला का राजकारणाचा संबंध संपून?

फलाट_चार:
दोघांना एका मापाने मोजू नका. नाईकांनी काही नावं मंजूर केली, बाकीच्यांचा खुलासा मागितला. कोश्यारी नोव्हेंबर 2020 पासून सरकार पडेपर्यंत फाईलवर बसून राहिले. ना हो, ना नाही.

बाराबंकी_बोरिवली:
उत्तर प्रदेशातल्या लोकायुक्ताचं (भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणारं पद) प्रकरण विसरलात. 2015 मध्ये सरकार तेच एक नाव पुन्हा पुन्हा पाठवत होतं आणि राजभवन फाईल परत करत होतं. त्या नावाला उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींचाच आक्षेप होता. शेवटी डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने स्वतःच नेमणूक केली. इथे नाईक बरोबर होते, पक्ष कुठलाही असो.

सरळ_रेघ:
मान्य. पण मार्च 2017 मध्ये योगी आले आणि हे सगळे खटके एकदम थांबले. उत्तर प्रदेश दिनाची सूचना नाईकांनी अखिलेशना केली होती, ती पडून राहिली. 24 जानेवारी 2018 ला तो थाटात साजरा झाला. नाईकांच्याच आग्रहाने सरकारी कागदांवर बाबासाहेबांच्या नावात 'रामजी' आलं तेही 2018 लाच. कामं चांगली आहेत हो, पण ही कार्यक्षम खासदाराची यादी झाली. राज्यपाल जोखायचा तर आपल्याच पक्षाच्या सरकारला त्याने किती वेळा फाईल परत पाठवली ते बघा.

फलाट_चार:
मग नेमायचं कोणाला? तमिळनाडूला राज्यपाल म्हणून नेमलेले आर. एन. रवी पोलीस सेवेतून आलेले, कधी निवडणुकीला उभे नाहीत. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी अडकवलेली 10 विधेयकं मंजूर झाल्याचं सुप्रीम कोर्टाला जाहीर करावं लागलं. पुढे राष्ट्रपतींनी मत विचारल्यावर कोर्टाने विधेयकं अशी स्वतःच मंजूर धरण्याची वाट चुकीची ठरवली, तो भाग वेगळा. पण अडवणूक तर झालीच ना?

सरळ_रेघ:
अधिकारी म्हणजे तटस्थ, असं मी कुठे म्हटलं? नेमणूक केंद्राच्या हातात, घरी पाठवणंही केंद्राच्याच हातात. नाईकांच्या आधी लखनौला बी. एल. जोशी होते. केंद्रात सरकार बदललं आणि जून 2014 मध्ये त्यांनी मुदत संपायच्या आधीच राजीनामा दिला. तो का दिला, यावर बोला की.