लातूरहून पुण्याला गिटार पाठवायचीय, नेक (मान) तुटू नये म्हणून पॅकिंग कसं करावं?

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार मंडळी. विकलेली अकूस्टिक गिटार पुण्याला पाठवायलोय. ड्रेडनॉट (मोठ्या आकाराची) बॉडी, महोगनीचा नेक, हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) मागे कललेला. हार्ड केस नाही, नुसती कापडी गिग बॅग आहे. विचारायचं ते असं:
तारा पूर्ण सोडाव्यात की तशाच ठेवाव्यात? 43 इंची टीव्हीचा रिकामा खोका मिळायलाय, तो चालेल का? वरून बारदान शिवून घे असं एक जण म्हणाला, ते बरं का? कुरियर, ट्रॅव्हल्स की ट्रान्सपोर्ट? आणि सध्या 41-42 अंशांचं ऊन आहे, त्याने काही बिघडतं का?

खुंटी_आणि_नट (छत्रपती संभाजीनगर)
टीव्हीचा खोका नको. त्याची लांबी जेमतेम 105 सेमी भरते आणि गिटारच 103-104 सेमी असते. जाडीही 13-14 सेमी, त्यात ड्रेडनॉटची बॉडी 12 सेमी. म्हणजे पॅडिंगला बोटभरही जागा उरत नाही. सायकलच्या दुकानात जा, नव्या सायकलींचे पाच प्लायचे खोके तिथे पडलेले असतात. तो कापून आतून साधारण 116 × 52 × 23 सेमीचा करा. बॅगेसकट गिटार 106 × 42 × 13 धरली तर चारही बाजूंनी 5 सेमी मिळतात.

आता नेक का तुटतो ते आधी ध्यानात घ्या, म्हणजे कापूस कुठे आणि फोम कुठे हे कुणाला विचारावं लागणार नाही. नटच्या (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे नेक सगळ्यात बारीक असतो. बऱ्याच गिटारींत ट्रस रॉडचा (नेकमधल्या सळईचा) पेचाचा नट बसवायला तिथलंच लाकूड कोरलेलं असतं. त्यात हेडस्टॉक कललेला आणि नेक एका तुकड्यातला असला तर लाकडाचे रेषे तिथे आडवे कापले जातात. त्या टोकाला सहा खुंट्यांचं वजन. खोका आपटला की बॉडी जागच्या जागी थांबते, हेडस्टॉक मात्र पुढे जायला बघतो. खोका तोंडावर पडला तर तारांची ओढ आणि हा झटका एकाच दिशेने लागतो आणि नटच्या मागच्या अंगाला चीर पडते. बाहेरून खोक्याला ओरखडासुद्धा नसतो, म्हणून कुरियरवाला हात वर करतो.

म्हणून गिटारचा भार बॉडीच्या खांद्यांवर आणि कमरेवर यायला हवा. नेकखाली पहिल्या फ्रेटपासून (नेकवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीपासून) हीलपर्यंत (नेक बॉडीला जुळतो तिथपर्यंत) आधार द्यायचा. हेडस्टॉकच्या पुढून आणि मागून, दोन्हीकडून भरायचं, म्हणजे तो हलणार नाही. टोकासमोर मात्र कडक काही ठेवू नका. तिथे चुरगळलेला कागद सैल भरा, नाहीतर खोका त्या बाजूला पडला की सगळा मार टोकातून सरळ नेकमध्ये जातो.

कामाचा क्रम असा ठेवा. बॅगेच्या खिशातून कॅपो (नेकवर लावायचा चिमटा), ॲलन की, पट्टा, सगळं बाहेर काढा. वरच्या खिशातला कॅपो दाबला गेला की टॉपला (बॉडीच्या पुढच्या फळीला) खळगा पडतो, आणि हे फार वेळा होतं. प्रीॲम्प (पिकअपचं बॅटरीवर चालणारं सर्किट) असेल तर 9 व्होल्टची बॅटरी काढा. शेपटाकडचं पट्ट्याचं बटण स्क्रूसकट काढून ठेवा, कारण खोका उभा आपटला तर तेच बटण टेल ब्लॉकमध्ये (शेपटाच्या आतल्या लाकडी ठोकळ्यात) घुसून बाजूला चीर पाडतं. तारा आणि फ्रेटबोर्डच्या मध्ये पुठ्ठ्याची पट्टी सरकवा. मग आधी जुनं सुती धोतर किंवा चादर, त्यावर बबल रॅप. बबल रॅप थेट पॉलिशवर नको. उन्हात प्लास्टिक चिकटून गोल गोल ठसे उमटतात, नायट्रो लॅकरवर तर हमखास.

खोक्याला आतून 25 मिमीच्या ईपीई फोमचे दोन थर लावा. गादी-फोमवाल्याकडे शीट मिळते. उरलेल्या पोकळीत वर्तमानपत्राचे घट्ट गोळे. थर्माकोलचे दाणे नकोत, प्रवासात ते तळाशी बसतात आणि वरची बाजू मोकळी पडते. आपल्याकडे कापूस हाताशी असतो म्हणून तो कोंबला जातो, पण दाबला गेलेला कापूस परत फुगत नाही. झाकण लावायच्या आधी खोका दोन्ही हातांनी उचलून हलवा. आत काहीही सरकल्याचं जाणवलं तर उघडून परत भरा. शेवटी जोडांवर आणि कडांवर 48 मिमीच्या ब्राउन टेपच्या तीन फेऱ्या.

तारा सी पर्यंत उतरवा, म्हणजे सगळ्या चार सेमीटोन (अर्धे सूर) खाली. पुण्यात गेल्यावर परत चढवायला दोन मिनिटं.

पार्सल_पावती (परभणी)
वरचं पॅकिंग बरोबर आहे, वाहतुकीचं मी सांगतो.

बारदान अजिबात शिवू नका दादा. ट्रान्सपोर्टच्या गोदामात बारदान दिसलं की हमालाचा हात आपसूक हुकाकडे जातो. पोत्याला हुक लावायची सवय असते, त्यात त्याची चूक नाही. पण तो हुक पाच प्लायमधून सरळ टॉपमध्ये जाईल. उघडा पुठ्ठा दिसला की हाताने उचलतात. फारच काळजी असेल तर 4 मिमी प्लाय आणि एक इंची पट्ट्यांची पेटी करून घ्या, काचेच्या दुकानाला क्रेट बनवून देणारा सुतार करून देतो. मात्र वजन वाढतं.

भाडं वजनावर नाही, आकारावर लागेल. लांबी, रुंदी, उंची सेमीमध्ये गुणायची आणि बहुतेक कुरियरवाले 5000 ने भागतात, काही 4000 नेही. 116 × 52 × 23 म्हणजे 5000 ने साधारण 28 किलो, 4000 ने 35 किलो. खोक्याच्या बाहेरच्या मापाने अजून थोडं वाढेल. प्रत्यक्षात सगळं मिळून सहा-सात किलोच भरेल. सायकलचा अख्खा खोका, समजा 135 × 75 × 20, तसाच पाठवला तर 40 किलोच्या वर जाईल. म्हणून कापून लहान करा, पण पॅडिंगचे 5 सेमी कापू नका.

ट्रॅव्हल्सची डिक्की स्वस्त पडते, पण मागची डिक्की इंजिनाच्या शेजारी तापते, आणि खोका आडवा टाकून त्यावर काय चढेल याचा नेम नाही. ट्रान्सपोर्टमध्ये पाइप आणि खताच्या गोण्यांचा शेजार. कुणी ओळखीचं पुण्याला जाणार असेल तर लातूर-मुंबई रात्रीच्या रेल्वेने वरच्या बर्थवर ठेवून नेणं सगळ्यात सुरक्षित, त्यापुढे कुठलंच पॅकिंग नाही. ते जमत नसेल तर कुरियर.

पावतीवर काय लिहिलंय ते वाचूनच सही करा. 'ओनर्स रिस्क' असेल तर नुकसान तुमचं. खरी किंमत लिहा आणि वेगळा ट्रान्झिट विमा मागा. किंमत कमी दाखवून चार पैसे वाचवले की भरपाई त्या आकड्याच्या पुढे मागता येत नाही. रस्त्याने माल नेणाऱ्या वाहतूकदारावर दावा करायचा तर 2007 च्या कॅरेज बाय रोड कायद्याप्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरची तक्रार धरत नाहीत.

सहा_तारा_नांदेड
तारांबद्दल थोडं वेगळं मत. खुंटी_आणि_नट सरांचे चार सेमीटोन ठीक, पण आकडे बघा. 12-53 च्या (तारांच्या जाडीचे आकडे) सेटची एकूण ओढ साधारण 72-75 किलो. एक पूर्ण सूर (दोन सेमीटोन) उतरवला की ओढ 20 टक्क्यांनी कमी होते, चार सेमीटोनला 37 टक्क्यांनी. तरी 45 किलोच्या वर उरतेच. नेक महोगनीचा आणि हेडस्टॉक कललेला असेल तर मी अजून खाली जाईन, सात-आठ सेमीटोन, म्हणजे ओढ निम्म्याच्याही खाली. फक्त तारा ब्रिज पिनांतून (बॉडीवर तारा अडकवायच्या खुंट्यांतून) सुटणार नाहीत आणि सॅडल (ब्रिजवरची तारांखालची पट्टी) जागेवर राहील इतका ताण ठेवा. सपाट हेडस्टॉकची, बोल्ट लावलेल्या मेपल नेकची इलेक्ट्रिक असती तर एक सूर पुरला असता.

उन्हाचं म्हणाल तर 42 अंशांनी गिटार मरत नाही. मरते ती उभ्या पत्र्याच्या गाडीत. बंद टेम्पोत दुपारी 60 अंशांच्या वर जातं, आणि लाकडाचा पांढरा गोंद त्याच सुमारास मऊ पडू लागतो. त्यात तारा ताणलेल्या असल्या की ब्रिजची मागची कड उचलते. ताण उतरवायचं हे दुसरं कारण, आणि मला तर तेच मोठं वाटतं. बुकिंग सोमवारी करा. शुक्रवारी दिलं तर खोका शनिवार-रविवार गोदामात नाहीतर गाडीत शिजत पडेल. एप्रिल-मेची हवा कोरडीही असते. बॅगेत ओला स्पंज किंवा उघडं पाणी ठेवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. बंद प्लास्टिकमध्ये ओल कोंडली की लाकूड फुगतं आणि मेटल गंजतं.

मांजराकाठ (लातूर)
सगळ्यांचे आभार. दोन शंका. एक, तारा एवढ्या उतरवल्या तर ट्रस रॉडही सैल करायचा का? दोन, शेपटाकडे पट्ट्याचं बटण नाही, पिकअपचा जॅकच तिथे आहे. तो निघत नाही.

खुंटी_आणि_नट (छत्रपती संभाजीनगर)
ट्रस रॉडला हात लावू नका. तीन-चार दिवस ताण कमी राहिला म्हणून नेक मागे वाकून बसत नाही, तारा चढवल्या की दुसऱ्या दिवशी जागेवर येतो. उलट तिकडे घेणाऱ्याने चुकीच्या ॲलन कीने नट खराब केला तर तो खर्च वेगळाच.

जॅकसाठी फोमच्या दोन पट्ट्या जॅकच्या दोन्ही अंगांना लावा, जॅकच्या उंचीपेक्षा जाड. म्हणजे जॅक मधल्या खाचेत मोकळा राहतो आणि खोका उभा आपटला तर मार बॉडीच्या कडेवर पसरतो. नांदेडकरांचं सात-आठ सेमीटोनही मान्य, तुमच्या नेकला तेच करा.

पार्सल_पावती (परभणी)
पुण्याच्या माणसाला हे आधीच कळवून ठेवा. खोका फाटलेला किंवा दबलेला दिसला तर डिलिव्हरीच्या कागदावर तसं लिहूनच सही करायची. खोका टेप कापण्यापासून शेवटपर्यंत व्हिडिओत, मध्ये न थांबता. पुठ्ठा, फोम काहीही फेकायचं नाही, विमेवाला तेच बघायला येतो. तुमच्याकडूनही पॅकिंगच्या प्रत्येक थराचे फोटो काढा, नटच्या मागच्या बाजूचा एक जवळून. भरपाईवरून अडलंच तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, सेवेसाठी दिलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर फी नाही.

सहा_तारा_नांदेड
आणि देव न करो पण चीर दिसलीच, तर पहिल्यांदा तारा पूर्ण सोडायला सांगा. वाजवून बघायचा मोह आवरायचा. त्यात फेविक्विक तर मुळीच टाकायचं नाही. ते पातळ असल्याने पॉलिशवर ओघळून डाग पडतो, जोड ठिसूळ होतो, आणि लाकडाच्या रेषांत एकदा मुरलं की नंतर चांगला गोंद धरत नाही. तुटल्याची कड स्वच्छ असेल, तुकडे बोटांनी दाबून नीट बसत असतील, तर लाकडाचा पिवळा गोंद आतपर्यंत मुरवून, दोन्ही बाजूंना बुचाचे तुकडे लावून क्लॅम्प 24 तास आणि तारा तीन दिवसांनी. असा जोड बहुधा आयुष्यभर टिकतो. पण विम्याचा दावा करायचा असेल तर तपासणी होईपर्यंत गोंदाची बाटली उघडायची नाही.