स्पिन टर्नचा पिव्हट पावफेरीतच अडतो, मदत हवी आहे

वॉल्ट्झ या जोडीने करायच्या बॉलरूम नाचातल्या नॅचरल स्पिन टर्नमध्ये (उजवीकडे फिरण्याचा प्रकार) चौथ्या पावलावर (मी लीडर, म्हणजे जोडीला नेण्याचं काम माझं; डावा पाय मागे) पिव्हट, म्हणजे त्याच पायावर वजन ठेवून फिरणं, असतो; त्यात अर्धी फेरी व्हायला हवी; माझी जेमतेम पाव होते. सराव सांगलीत, शहाबादी फरशीवर. बूट स्वेड तळाचे, ब्रश मारलेले, त्यामुळे दोष पकडीचा वाटत नाही. एकट्याने केलं की फेरी पूर्ण. जोडीदार आली की उजवा पाय समोर न राहता बाजूला उघडतो आणि पाचवं पाऊल तिच्या पायांच्या मधे न पडता बाहेर जातं. मेट्रोनोम (ताल देणारं यंत्र) मिनिटाला ८४ ठोक्यांवरून, म्हणजे २८ बारवरून (एका बारात तीन ठोके), ६० ठोक्यांवर आणला; तेच. खांदे आधी फिरवले, तर तोलच गेला. फिरणं डाव्या चवड्यावर पूर्ण वजन आल्यावर सुरू करायचं की पाऊल टेकतानाच? आणि टाच नेमकी कधी उतरवायची?