एकाच टाइपची टीम: तुमचे अनुभव लिहा

हिमगौरी (धागाकर्ती)

गेल्या रविवारी धाकट्याने मला सलग पाचव्यांदा हरवलं आणि वर साळसूदपणे विचारलं, "ताई, तू बर्फच का घेतेस गं?" उत्तर सुचलं नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पोकेमॉन शोडाउन हा ब्राउझरमध्ये फुकट चालणारा सिम्युलेटर. पोकेमॉन पकडत, वाढवत बसायचं नाही. टीम लिहायची आणि थेट भिडायचं. प्रत्येक पोकेमॉनला आग, पाणी, बर्फ असे एक किंवा दोन टाइप असतात. त्यात मोनोटाइप नावाचा प्रकार आहे. सहाच्या सहा पोकेमॉनमध्ये एक टाइप सामाईक हवा. दुसरा टाइप कुठलाही चालतो, आणि सगळी गंमत त्या दुसऱ्या टाइपातच आहे. एकूण टाइप १८.

त्यातला बर्फ म्हणजे काचेचं भांडं. आग, फायटिंग, खडक, पोलाद अशा चार ठिकाणी दुप्पट मार, आणि अर्धा मार फक्त बर्फाचाच. म्हणजे समोरचाही माझ्याइतकाच येडा असेल तरच उपयोग. स्टेल्थ रॉक तर विचारूच नका. एकदा पसरले की मैदानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला टोचतात आणि टाइपानुसार हिशोब होतो: साध्याला जिवाचे साडेबारा टक्के, कच्च्याला २५. माझा लाडका फ्रॉसमॉथ बर्फ आणि कीटक दोन्ही असल्याने चौपट कच्चा, म्हणजे नुसतं आत यायचे ५० टक्के. दारातच अर्धमेला. म्हणून त्याच्या पायात कायम हेवी-ड्यूटी बूट, म्हणजे खडक टोचत नाहीत.

बरं काय आहे? २०२२ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या गेमपासून बर्फ पडत असताना बर्फवाल्यांचा डिफेन्स दीडपट होतो. अलोलन नाईनटेल्स आली की बर्फ आपोआप सुरू होतो, मग ती ऑरोरा व्हेल टाकते आणि पाच टर्न मार निम्म्यावर येतो. त्या पाच टर्नमध्ये मी राणी. सहाव्या टर्नला धाकट्याचा हीट्रॅन (आग आणि पोलाद) येतो.

(पहिल्या गेममधली बर्फाची उस्ताद लोरेली आठवते? तिच्या पाच जणांत एक स्लोब्रो आहे. पाणी आणि सायकिक. बर्फाचा पत्ता नाही. तिलाही पाच पुरवता आले नाहीत, आणि मी सहा शोधत बसते.)

तुम्ही कुठला टाइप धरलात आणि का सोडला नाहीत, ते लिहा. हरलेलं आधी लिहा, जिंकलेलं नंतर.

भंगारवाला

ताई, तुमच्या भावाची टीम म्हणजे माझीच टीम. पोलाद. लोक याला चीटिंग म्हणतात. म्हणोत. दहा टाइपांचा मार अर्धा, विषाचा शून्य. २०१३ आधी भूत आणि डार्क यांचाही अर्धाच बसायचा, तो काढून घेतला. तरी रडारड सुरूच आहे.

कच्ची ठिकाणं तीन: आग, फायटिंग, जमीन. प्रत्येकाला घरचाच माणूस मिळतो. हीट्रॅनची फ्लॅश फायर आग पिऊन टाकते आणि वर त्याची स्वतःची आग भडकते. कॉर्व्हिनाइट उडणारा, त्याला जमिनीची मूव्ह लागतच नाही आणि फायटिंगही दुप्पटीवरून साध्यावर येतं. बर्फवाल्यांना असा माणूस शोधायला गावभर हिंडावं लागतं.

आता हरलेलं. समोर इलेक्ट्रिकची टीम. माझा कॉर्व्हिनाइट मैदानात, ठणठणीत, आणि समोरून आला मॅग्नेझोन. त्याची मॅग्नेट पुल म्हणजे लोहचुंबकच. समोरच्या पोलादवाल्याला बाहेर जाता येत नाही. स्विचचं बटण दाबायला गेलो तर बटणच बंद. यू-टर्न असता तर मारून निसटता आलं असतं, तेवढी वाट खेळात ठेवलेली आहे. पण यू-टर्न मीच आदल्या रात्री काढून त्या जागी आयर्न डिफेन्स घातलं होतं, भिंत अजून जाड करू म्हणून. विजेला त्या भिंतीचं काय! दोन थंडरबोल्ट, खेळ खलास. पुढचे पाच जण नुसते वारसदारासारखे येऊन गेले.

तुमच्या हीट्रॅनच्या दुखण्यावर सांगतो, भावाला सांगू नका. मॅमोस्वाइन बर्फही आहे आणि जमीनही. त्याचं अर्थक्वेक हीट्रॅनला चौपट लागतं. फक्त भावाने हीट्रॅनला एअर बलून दिला असणार, मीही देतो. फुगा असेपर्यंत जमिनीची मूव्ह लागत नाही. कुठलाही मार बसला की फुगा फुटतो. आधी आईस शार्डने टोचा, मग अर्थक्वेक.

टुणटुण भोपळा

माझा अनुभव दोन मिनिटांचा, पण अजून झोंबतो. मेगा इव्होल्यूशनच्या, म्हणजे लढाईत पोकेमॉन तात्पुरता आणखी ताकदवान व्हायचा, त्या काळातली गोष्ट. फ्लाइंगची टीम तासभर खपून बांधली, सगळी आखणी गायराडॉसभोवती. तो पाणी आणि फ्लाइंग, म्हणजे नियमात बसतो. हातात त्यासाठी लागणारा मेगा स्टोन. बॅटल शोधायचं बटण दाबलं तर टीम नामंजूर!

कारण मेगा झाला की तो पाणी आणि डार्क होतो, फ्लाइंग गळून पडतो. आधीचं आणि मेगा झाल्यानंतरचं, दोन्ही रूपं त्या टाइपाची असावी लागतात. उलट बाजूनेही दार बंदच: मेगा पिन्सरला पंख फुटतात, पण साधा पिन्सर नुसता कीटक, म्हणून तोही फ्लाइंगमध्ये येत नाही. गायराडॉस पाण्याच्या टीमला देऊन टाकला. तिथे सुखात आहे.

कॅफेतला पडीक

माझं शोडाउन नाही, चालेल ना? मूळ गेमच एका टाइपावर संपवायचा, असला हट्ट होता. सांगली, २००६. गल्लीच्या तोंडाशी सायबर कॅफे, तिथल्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर (गेमबॉयचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यावर पोकेमॉन फायररेड. नावातच फायर म्हणून मी आगच धरली. बाकी अक्कल तेव्हा नव्हती.

आग धरून हा गेम सुरू करणं म्हणजे चपला न घालता पावसात निघणं. पहिला जिम (उस्तादाशी झुंजायचा अड्डा, जिंकलं की बिल्ला) ब्रॉकचा, खडकांचा; दुसरा मिस्टीचा, पाण्याचा. पहिल्याचं त्यातल्या त्यात बरं: फायररेडमध्ये चारमँडर तेराव्या लेव्हलला मेटल क्लॉ शिकतो आणि ब्रॉकचा ओनिक्स पोलादाला कच्चा. पण मिस्टीची स्टारमी २१ लेव्हलची, आणि तोवर जंगलात दुसरा आगवाला मिळतच नाही. ग्रोलिथ मिळतो तो पुढे. एकट्या चारमीलियनला गवतात घोळवून घोळवून इतका मोठा केला की कॅफेवाले काका म्हणाले, "अरे, तुझा तो सरडा आता तरी काही खातो का?"

आणि सर्फ! समुद्र ओलांडायला सर्फ लागतं आणि आगवाला कोण पोहणार? सिल्फ कंपनीत मिळालेला लॅप्रस बरोबर घेतला, पण लढाईत एकदाही उतरवला नाही. मित्र म्हणाले, नियम मोडला. मी म्हटलं, तो खेळाडू नाही, होडी आहे. या वादाचा निकाल आजवर लागलेला नाही.

खरा शत्रू मात्र मिस्टी नव्हती. कॅफेतली मशीन रीस्टार्ट झाली की आदल्या दिवसाचं सगळं पुसायची, तसलं सॉफ्टवेअर घातलेलं होतं. पेन ड्राइव्ह घ्यायची ऐपत नव्हती. मग सेव्ह फाइल फ्लॉपीवर. गेम फ्लॉपीत मावत नाही, पण सेव्ह आरामात मावते. दप्तरात कंपासपेटीशेजारी ती फ्लॉपी. जूनच्या एका संध्याकाळी भिजत घरी आलो, फ्लॉपी पुसली, दुसऱ्या दिवशी घातली. घर्र घर्र आवाज, मग एरर. सात बिल्ले होते तिच्यात. पाण्याने शेवटी गाठलंच.

किडेमकोडे

मी आई-वर्गातली. मुलगा तेव्हा अकरावीत होता. दार बंद करून काय करतो ते बघायला गेले आणि तिथेच अडकले. फ्रिजवर टाइपांचा तक्ता चिकटवला होता. लोकांना वाटायचं मुलाचा आहे.

शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून कीटक. (गॅल्व्हँटुला कोळी आहे आणि कोळी कीटक नव्हे, हे पोरांना दर वर्षी घसा फोडून सांगते. गेमला कोण सांगणार?) आम्ही सातव्या पिढीत खेळायचो, तेव्हा बूट नव्हते. माझा हुकमी एक्का व्होल्कारोना, कीटक आणि आग, म्हणजे स्टेल्थ रॉकने अर्धा. रॉक्स काढायला सिझरला डीफॉग दिलं. पण माझी अर्धी टीम हळू, म्हणून मी समोर स्टिकी वेब टाकायचे. आत येणाऱ्याचा वेग एक पायरी खाली. आणि डीफॉग हा असला झाडू की शेजाऱ्याचं अंगण झाडताना आपली रांगोळीही पुसतो. माझंच जाळं मीच काढलं, सलग तीन बॅटल्स. चिरंजीव मागे उभे, गप्प, फक्त खांदे हलत होते.

मग फॉरेट्रेस आणला. त्याचं रॅपिड स्पिन फक्त आपल्या बाजूचा कचरा उडवतं. समोर भूत उभं असलं की मात्र स्पिन लागत नाही, त्यामुळे भूत कधी आत येतं यावर डोळा ठेवावा लागतो.

पण जीव जडला तो गोलिसोपॉडवर. समुद्रातल्या आयसोपॉडवरून घेतलेला. घरात त्याला सगळे झुरळ म्हणतात. मार बसून जीव निम्म्याखाली गेला की तो घाबरून आपोआप पळून येतो, त्याची एबिलिटीच तशी. पहिल्यांदा हसू आलं. मग कळलं की त्याचं फर्स्ट इम्प्रेशन मैदानात आल्याच्या पहिल्याच टर्नला चालतं. म्हणजे पळून येणं हा दोष राहत नाही. पळायचं, परत यायचं, पुन्हा सगळ्यांच्या आधी दणका द्यायचा. मुलगा आता नोकरीला बाहेरगावी आहे. रात्री फोनवर "जेवलास का" झालं की "झुरळ आणू का" विचारते.

सव्वासातची फास्ट

नॉर्मल. हो, नॉर्मल. कच्चं ठिकाण एकच, फायटिंग. भुतांचा मार शून्य. कंटाळवाणं म्हणा, पण डोंबिवलीहून एका हाताने कडी धरून खेळायला असाच टाइप लागतो, अंगठा कमी फिरतो.

समोर भुतांची टीम. दोघांचे पाच-पाच गेले. माझी चॅन्सी उरली, इव्हिओलाइट (मार कमी करणारी वस्तू) घेतलेली, हातात सिस्मिक टॉस. ती मूव्ह फायटिंगची, भुताला लागत नाही. समोर डस्क्लॉप्स, त्याच्या हातात नाइट शेड. ती भुताची, नॉर्मलला लागत नाही. दोघेही एकमेकांना हातसुद्धा लावू शकत नाहीत! दिवा स्टेशनपर्यंत आम्ही नुसते PP (मूव्ह किती वेळा वापरता येते तो साठा) संपवत होतो. चॅट बॉक्समध्ये तो लिहितो, "लोल". मीही, "लोल". आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली. बाहेर आले तेव्हा रेंज आली, बॅटल गेलेलं. टायमर.

पोरीगॉन२ ला फाउल प्ले दिलंय तेव्हापासून. भुताला लागणारं काहीतरी हवंच.

जुना ड्रॅगन

नोकरी लागली आणि २०१२ ला खेळ सुटला. तेव्हा ड्रॅगन म्हणजे बादशाही. आउटरेज (ड्रॅगनचा दणका) दाबायचं आणि चहा प्यायला जायचं. पोलाद सोडलं तर कोणी अडवायला नाही. २०१४ मध्ये सहज परत आलो. हॅक्सोरस, तेच आउटरेज. समोर क्लेफेबल. आमच्या वेळची नॉर्मल टाइपची गुबगुबीत गुलाबी बाहुली. दाबलं. काहीही झालं नाही. स्क्रीनवर चक्क लिहून आलं की परिणाम होत नाही. मला वाटलं नेट अडकलं.

मधल्या काळात फेअरी टाइप आला होता आणि क्लेफेबलची बदली तिकडे झाली होती. मला कोणी कळवलंच नाही. आता टीममध्ये ड्रॅगलज असतो, विष आणि ड्रॅगन. फेअरीचा मार त्याला साधाच लागतो आणि त्याचं विष फेअरीला दुप्पट.

नाकमुरडे

सगळे प्रेमाने लिहिताहेत, मी सोडलं तेही लिहितो. हा प्रकार म्हणजे निम्मी सोडत आहे. मी इलेक्ट्रिक खेळायचो. समोर जमिनीची टीम दिसली की टीम प्रिव्ह्यूलाच, म्हणजे लढाईआधी दोन्ही टीम दाखवतात तिथेच, कळायचं. माझी वीज त्यांना लागतच नाही, त्यांचं अर्थक्वेक मला दुप्पट. मग वीस मिनिटं कशासाठी घालवायची? लॅडर (क्रमवारीचे गुण) १००० ला सुरू होतं आणि त्याच्या खाली जात नाही, एवढीच काय ती दया. त्या १००० वर माझा कायमचा मुक्काम होता.

किडेमकोडे

@नाकमुरडे, रोटॉम-वॉश घेतला होतात का? लेव्हिटेट आहे, म्हणजे तो तरंगतो, अर्थक्वेक लागत नाही, आणि त्याचा हायड्रो पंप जमिनीला दुप्पट. निम्म्या सोडतीतलं एक तिकीट तरी तुमच्या हातात होतं.

नाकमुरडे

घेतला होता. हायड्रो पंप दहात दोनदा चुकतो. माझा दहात पाचदा चुकायचा.

हिमगौरी (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी धाकटा आला होता, हरेल त्याने मिसळ द्यायची असं ठरलं. भंगारवाल्यांचा सल्ला शब्दशः पाळला.

नाईनटेल्स आली, बर्फ, व्हेल. त्याने हीट्रॅन आणला, अपेक्षेप्रमाणे फुगा घेऊन. मी मॅमोस्वाइन काढला. थिक फॅटवाला, म्हणजे आगही साधीच लागणार. आईस शार्ड. हीट्रॅनला ओरखडा आला नाही, पण फुगा फट्! त्या टर्नला धाकटा रॉक्स पसरत बसला होता. माझा हात थरथरत होता हो. पुढच्या टर्नला अर्थक्वेक दाबलं आणि लॅपटॉपच्या वरून त्याच्याकडे बघितलं.

तो हसत होता. हीट्रॅन परत गेला होता आणि त्या जागी कॉर्व्हिनाइट पंख पसरून उभा. जमिनीची मूव्ह, उडणारा पक्षी, शून्य मार.

"ताई," तो म्हणाला, "तो धागा मीपण वाचतो."

मिसळ दोन प्लेट, एक जादा पाव.