२१ दिवसांचा हिशेब

बरेच जण म्हणतात की २१ दिवसांत सवय लागते आणि मध्ये एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा शून्यापासून. दुसऱ्या भागाशी मी अजिबात सहमत नाही, आणि पहिलाही तितकासा पक्का नाही. २१ हा आकडा मुळात एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून आला: शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान एवढे दिवस लागतात. सवयींशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवस! पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर अंगवळणी पडते, व्यायामाला बराच वेळ लागतो. महत्त्वाचं म्हणजे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. 'खाडा झाला, आता सोमवारपासून' हीच खरी पळवाट. (सोमवारही बिचारा किती ओझी वाहणार?)

कामाच्या बाबतीत मात्र दिवस मोजण्यापेक्षा सवय टांगायला खुंटी शोधा, म्हणजे आधीच रोज होणारी एखादी गोष्ट. 'रोज वाचेन' हे हवेत राहतं. 'लॅपटॉप उघडला की ईमेलच्या आधी दोन पानं' हे टिकतं.